सैतानाला पाठ असलेलं स्तोत्र

आजचं वाचन: स्तोत्र ९१, मत्तय ४:१-११, इफिसकरांस पत्र ६:१०-१८



आज तीन वाचनं आहेत, त्यामुळे लोकलमध्ये उभ्यानं वाचत असाल तर निदान स्तोत्र तरी आधी वाचून घ्या आणि मग इथे या. बहुतेकांना ते पाठच असेल. घराच्या दारावर, गाडीच्या काचेवर, आईच्या पर्समध्ये लॅमिनेट करून ठेवलेल्या छोट्या कार्डावर, सगळीकडे स्तोत्र ९१ असतं. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये तर फोन उघडला की तेच. कुणी फोटोवर लिहून पाठवलेलं, कुणी स्वतःच्या आवाजात म्हटलेलं, कुणी अकरा जणांना पुढे पाठवा म्हणून बजावलेलं. (अकराच का, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.)

दुसऱ्या वाचनात हेच स्तोत्र पुन्हा भेटतं. फरक एवढाच की तिथे ते सैतानाच्या तोंडी आहे.

आपण हा परिच्छेद इतक्यांदा ऐकलाय की यातलं आश्चर्य निघून गेलंय. येशू चाळीस दिवस उपाशी. सैतान त्याला यरुशलेमात नेतो, मंदिराच्या उंच टोकावर उभा करतो आणि म्हणतो, मार उडी. आणि कारण म्हणून थेट पवित्र शास्त्र उघडतो. देवदूत तुला हातांवर झेलतील, तुझ्या पायाला दगडाची ठेचसुद्धा लागणार नाही, असं लिहिलंय ना? स्तोत्र ९१, ओवी ११ आणि १२. संदर्भ अगदी बरोबर. आपल्या बायबल क्विझमध्ये बसवला असता तर पूर्ण गुण मिळाले असते.

पण तो कुठे थांबतो ते बघा. पुढची ओवी, तेरावी, तो म्हणत नाही. तेराव्या ओवीत सिंह आणि नाग पायाखाली तुडवले जातात. स्वतःच्या पराभवाची ओळ येण्याआधी त्यानं पुस्तक मिटलं. शिवाय अकराव्या ओवीत तुझ्या सर्व मार्गांमध्ये तुझं रक्षण होईल अशा अर्थाचे शब्द आहेत, तेही त्यानं गाळले. मार्ग म्हणजे देवानं चालायला दिलेली वाट. मंदिराच्या टोकावरून खाली जाणारी हवा हा काही कुणाला चालायला दिलेला मार्ग नव्हे.

आणखी एक गोष्ट. यहुदी परंपरेत हे स्तोत्र फार पूर्वीपासून दुष्टात्म्यांपासून रक्षणासाठी म्हटलं जात आलंय, रात्री झोपताना आणि दफनाच्या वेळी. मृत समुद्राजवळच्या गुहांमध्ये जुन्या गुंडाळ्या सापडल्या, त्यातल्या अकराव्या गुहेतल्या एका गुंडाळीत हे स्तोत्र भुतांना हाकलण्याच्या गीतांसोबतच लिहिलेलं आहे. पुढे ख्रिस्ती लोकांनीही या स्तोत्राच्या पहिल्या ओळी अंगठ्यांवर, कड्यांवर, पपायरसच्या तुकड्यांवर लिहून अंगावर बांधल्या. म्हणजे ज्याला पळवून लावण्यासाठी लोक हे स्तोत्र म्हणायचे, तोच अरण्यातून येशूसोबत आला आणि तेच स्तोत्र आरामात म्हणून दाखवू लागला. ज्यानं स्तोत्राचा ताईत केला असेल त्याला याहून मोठा धक्का कुठला? शब्द म्हटल्यानं सैतान पळत नाही. शब्द त्यालाही येतात.

आजचा विषय मी मुद्दाम निवडलाय, कारण काही दिवसांपूर्वी आपल्या एका वाचक ताईचा मेसेज आला. तिच्या परवानगीनं, नाव न सांगता, लिहितोय. तिचे वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. ती रोज सकाळ-संध्याकाळ हे स्तोत्र म्हणत होती, हॉस्पिटलच्या खाली उभं राहून फोनवर वडिलांना ऐकवत होती. ते गेल्यानंतर प्रार्थनागटातल्या एका वडीलधाऱ्यांनी तिला समजावलं की कुंपणाला कुठेतरी भोक असणार, त्याशिवाय शत्रू आत येत नाही. एखादं कबूल न केलेलं पाप, नाहीतर विश्वासात कमतरता. तेव्हापासून ती ते भोक शोधतेय. तिचं वाक्य असं होतं, "दादा, मी नक्की कुठे कमी पडले ते कळलं ना, तर निदान आईच्या वेळी मी चूक करणार नाही."

हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. आध्यात्मिक लढाईबद्दल आपण खूप बोलतो. पण कुणावर वार झालाय आणि वार नक्की कुणी केलाय, हे ओळखण्यात आपली गल्लत होते, असं मला वाटतं.

उत्तर शोधायला मी थोडा मागे जातो, कारण आपल्या शहरानं या स्तोत्राची परीक्षा याआधीही दिली आहे.

सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस नावाच्या गोवेकर ख्रिस्ती डॉक्टरांनी रोग्यांना तपासलं आणि हा साधा ताप नाही, गाठीचा प्लेग आहे, असं निदान केलं. काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. जे उरले त्यांच्यात गिरणीत राबणारे होते, कारण त्यांना पोटासाठी राहणं भाग होतं. स्तोत्राच्या पाचव्या आणि सहाव्या ओवीत चार भीती आहेत: रात्रीचं भय, दिवसा सुटणारा बाण, अंधारात फिरणारी मरी, भर दुपारचा नाश. परळ-लालबागच्या चाळीत राहणाऱ्या माणसाला यातली एकही कल्पना करून घ्यावी लागत नव्हती. घरं तपासायला पथक येई, आजारी माणसाला उचलून नेई, आणि नेलेला माणूस परत येतोच असं नाही. २९ ऑक्टोबर १८९६ ला सुमारे १००० गिरणी कामगार चाल करून आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या हॉस्पिटलवर गेले. आज आपण ज्याला कस्तुरबा हॉस्पिटल म्हणतो तेच ते. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ती भेदरलेली माणसं होती.

त्या वेळी स्तोत्र ९१ म्हणणारे ख्रिस्ती लोक या शहरात होते. गिरगावात, माझगावात, दादरला वाड्यांमध्ये क्रूस उभे आहेत, मुंबईतले असे कितीतरी क्रूस प्लेगच्या त्या वर्षांत रक्षणासाठी उभारले गेले. आम्ही प्रोटेस्टंट घरात वाढलेले लोक त्यांच्याकडे जरा तिरकस बघतो. पण रात्री गल्लीच्या तोंडाशी दिवा लावून, पोरांना कवेत घेऊन तिथे गुडघे टेकणाऱ्या बाईला मी काय शिकवणार? तिनं देवाला हाक मारली, बस. प्रश्न हाकेचा नाहीच. प्रश्न असा, की ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांची हाक खोटी होती का?

आणि आता दुसरी बाजू. डॉ. व्हिएगस यांनी निदान केलं आणि ते तिथेच थांबले नाहीत. वस्त्यांची सफाई करा, उंदीर मारा म्हणून मागे लागले, पुढे हजारो लोकांना लस टोचली. धोबीतलावला, मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. आपण त्याच्या बाजूनं शेकडो वेळा गेलो असू, मान वर करून न बघता. वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून प्लेगवरची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, ताप काढला, आणि मग इतरांना दिली. हाफकिन यहुदी, म्हणजे हे स्तोत्र ज्यांनी आपल्या आधी शतकानुशतकं जपलं त्या लोकांतले. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळला जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. ती इमारत त्याही आधी जेझुइट संन्याशांचा मठ होती. आज तिथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. के.ई.एम. आणि टाटा हॉस्पिटलच्या बाजूनं रोज जाणाऱ्यांना ते झाडांमागचं आवार माहीत असेल. परमेश्वर रक्षण कसं करतो असं विचारलं, तर मी आधी त्या आवाराकडे बोट दाखवीन. त्याच्याच जोडीला गटारांकडे आणि रस्त्यांकडेही, कारण प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि हवा-उजेड मिळावा म्हणून शहरात रुंद रस्ते काढले गेले, दादर-माटुंग्याची आखणी झाली. दादरच्या प्रशस्त फुटपाथवरून चालताना स्तोत्र ९१ आठवायला हरकत नाही.

कोविडच्या काळात काही व्हिडिओ फिरत होते. येशूच्या रक्ताखाली असलेल्याला मास्क कशाला, लस कशाला, तो म्हणजे अविश्वास. मला त्या वेळीही वाटायचं आणि आजही ठामपणे वाटतं की मंदिराच्या टोकावरचा आवाज तोच. येशूनं त्याला दिलेलं उत्तर अनुवाद ६:१६ मधून येतं: आपल्या देवाची परीक्षा बघू नका. ती ओवी मस्सा नावाच्या जागेची आठवण देते. निर्गम १७ मध्ये तहानलेल्या लोकांनी तिथे विचारलं होतं की परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही? म्हणजे उडी मारण्यामागे खरा प्रश्न हा आहे: तू आहेस का, दाखव. येशूला हे दाखवून घ्यायची गरज नव्हती. बाप्तिस्म्याच्या वेळी पित्यानं त्याला प्रिय पुत्र म्हटलं होतं. तेवढ्यावर तो चाळीस दिवस राहिला.

उडी मारणं वेगळं आणि पाठवलं जाणं वेगळं. प्लेगच्या रोग्याजवळ जाणारा डॉक्टर पाठवला गेलेला असतो. आणि पाठवलेला माणूस नेहमी सुखरूप परत येतो, असंही नाही. पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता प्लेगनंच १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्या काही आपल्या मंडळीच्या नव्हत्या, पण त्यांच्या मृत्यूकडे बघून "कुंपणाला भोक होतं" असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

आपल्या मंडळीतलं नाव हवं असेल तर पंडिता रमाबाई घ्या. ११ मार्च १८८९ ला त्यांनी शारदा सदन सुरू केलं ते आपल्याच चौपाटीवर, गिरगावात. नंतर ते पुण्याला गेलं, आणि पुढे केडगावची मुक्ती मिशन उभी राहिली. दुष्काळात मरायला टेकलेल्या शेकडो मुली त्यांनी आणल्या, वाढवल्या. प्रार्थना करणारी अशी बाई महाराष्ट्रानं क्वचितच पाहिली. आता त्यांचं घर बघा. दुष्काळात वडील, आई, बहीण गेली. मग भाऊ श्रीनिवास. मग लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा. राहिली एकुलती एक मनोरमा, आईच्या कामाचा उजवा हात. २४ जुलै १९२१ ला तीही गेली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. रमाबाईंचं स्वतःचं शरीर तोवर थकलेलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी हाती घेतलेलं बायबलचं मराठी भाषांतर हे त्यांचं शेवटच्या वर्षांतलं मोठं काम होतं. मुलगी गेल्यावर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

त्या भाषांतरात स्तोत्र ९१ आहे. मी कधी कधी विचार करतो, ज्या बाईचं अख्खं घर एकेक करून गेलं, तिनं ही ओवी मराठीत आणताना पेन खाली ठेवलं असेल का. ठेवलं असेल तर पुन्हा उचललं, एवढं मात्र नक्की. कारण भाषांतर आहे.

मग हे स्तोत्र आपल्याला नक्की काय देतं? शेवटच्या तीन ओव्या पुन्हा वाचा. चौदाव्या ओवीपासून बोलणारा बदलतो, स्वतः देव बोलू लागतो. पंधराव्या ओवीत तो म्हणतो की हा मला हाक मारील, मी उत्तर देईन आणि संकटात मी त्याच्याजवळ असेन. संकटात. म्हणजे संकट येणार हे देवानं स्तोत्र ९१ मध्येच धरून ठेवलंय. संकटच नसेल तर संकटात जवळ असण्याला काय अर्थ उरला? आपण पहिल्या ओव्या इतक्या मोठ्यानं म्हणतो की तिथे पोचेपर्यंत आवाज संपलेला असतो.

येशूनं पेत्रासाठी काय मागितलं तेही बघा, लूक २२:३१-३२. सैतानानं तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलंय, असं तो पेत्राला सांगतो. आपण असतो तर म्हटलं असतं, प्रभू, चाळणी मोडून टाक. येशूनं मागितलं ते वेगळं. पेत्राचा विश्वास ढळू नये, एवढंच. चाळणी आली. पेत्र हलला, पडला, त्याच रात्री कोंबडा आरवला. पण तो हातातून निसटला नाही. आणि पौल, २ तीमथ्य ४ मध्ये, आपली निघायची वेळ जवळ आली आहे हे स्पष्ट लिहितो, आणि त्याच अध्यायात पुढे बिनदिक्कत म्हणतो की प्रभू मला प्रत्येक दुष्ट कामातून सोडवील आणि आपल्या राज्यात सुखरूप नेईल. आपल्याला या दोन वाक्यांत विरोध दिसतो. त्याला दिसला नाही.

आता सैतानाबद्दल. तो आहे, खरा आहे, आणि मी त्याला मानसशास्त्रातला एखादा शब्द करून टाकायला तयार नाही. पण त्याच्या नावाचा अर्थ काय? हिब्रूत सैतान म्हणजे विरोधक, कोर्टात समोर उभा राहून आरोप करणारा. ईयोबाच्या पुस्तकात तो नेमकं हेच काम करतो. ग्रीकमध्ये त्याचं नाव निंदक अशा अर्थाचं आहे. प्रकटीकरण १२:१० मध्ये तो आपल्या बंधूंवर रात्रंदिवस दोषारोप करणारा आहे. आजार, अपघात, मरण ही त्याची हत्यारं असतीलही. पण त्याची खरी नोकरी आरोप करण्याची आहे. माणूस आधी कोसळतो, मग हा त्याच्या कानाशी येऊन म्हणतो, तुझ्यामुळेच झालं.

ईयोबाचे तिघे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले. बायबलमधली ही सगळ्यात सुंदर सांत्वनभेट आहे. आठव्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. तू काहीतरी केलं असणार, आठव बघ. दुसऱ्या अध्यायानंतर सैतान पुन्हा बोलत नाही, हे तुम्ही लक्षात घेतलंय का? गरजच उरली नाही. त्याचं काम मित्रांनी घेतलं, तेही देवाच्या नावानं. आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, ईयोबावर नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले, रात्री दोनला सिस्टीम कोसळली की सकाळी मीटिंग घेतो, आणि चांगल्या टीममध्ये पहिला नियम असा की कुणावर बोट दाखवायचं नाही. काय झालं ते समजून घ्यायचं, माणसाला फाशी द्यायची नाही. कंपन्यांनी हे शहाणपण नफ्यातोट्यातून शिकलं. आपल्याकडे गुरुवारच्या प्रार्थनासभेत ते कधी शिकणार? हाफकिन यांचंच बघा. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचल्यावर १९ जण धनुर्वातानं मेले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांचं काम हातातून गेलं. ती बाटली गावात उघडताना दूषित झाली होती, हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. आरोप लागायला एक दिवस पुरतो, निघायला पाच वर्षं.

तर ताई, तुझ्यावर वार झाला तो एप्रिलमध्ये, आणि दुसरा झाला त्या "समजावण्यात". दुसऱ्या वाराला मी लढाई म्हणतो. तू जे भोक शोधतेयस ते नाही. हे मी कशाच्या जोरावर म्हणतो? मत्तय २७ उघड. क्रूसाखाली उभे असलेले लोक म्हणतात, देवाचा पुत्र असशील तर खाली ये. देवावर विश्वास ठेवतोस ना, सोडवू दे त्याला. मंदिराच्या टोकावरचा तोच आवाज, शब्दसुद्धा जवळजवळ तेच. देवदूत आले नाहीत. पायाला दगडाची ठेच लागणार नाही असं ज्या पुत्राला ऐकवलं गेलं, त्याच्या पायांत खिळे होते. स्तोत्र ९१ "लागू पडलं नाही" म्हणून कुणाच्या विश्वासात खोट काढायची असेल, तर आधी त्याच्या काढावी लागेल. आणि तिसऱ्या दिवशी पित्यानं त्याला उठवलं. सोडवणूक झाली, पण ती कबरेच्या पलीकडच्या बाजूनं. तुझ्या वडिलांची वाट तीच आहे.

तिसरं वाचन, इफिस ६, आपल्याकडे लढाईचं मॅन्युअल असल्यासारखं शिकवलं जातं. शिरस्त्राण, उरस्त्राण, तरवार, संडे स्कूलमध्ये पुठ्ठ्याची चिलखतंही आपण बनवलीत. पौल हे साखळदंडात असताना लिहितो, विसाव्या ओवीत तो तसं सांगतोही. म्हणजे खरी शस्त्रं त्याच्यावर पहारा करणाऱ्या शिपायाच्या अंगावर आहेत आणि पौलाच्या हातात बेडी आहे. तो आपल्याला हल्ला करायला सांगतच नाही. अकरा, तेरा, चौदा या ओव्यांत पुन्हा पुन्हा एकच सांगतो: उभे राहा, टिकून राहा. जमीन आधीच येशूनं जिंकलेली आहे, ती सोडून पळू नका.

दोन गोष्टी मराठी वाचणाऱ्याला सहज दिसतात, इंग्रजी वाचणाऱ्याला निसटतात. स्तोत्र ९१ "तू" म्हणतं, एका माणसाला. पौल "तुम्ही" म्हणतो, अनेकांना. चिलखत एकट्यानं घालून एकट्यानं लढायचं नाहीये. ढालीसाठी पौलानं वापरलेला ग्रीक शब्द दारावरून आलाय, दाराएवढी मोठी ढाल. रोमन शिपाई अशा ढाली एकमेकींना भिडवून भिंत करायचे, डोक्यावर धरून छप्पर करायचे, कासवाच्या पाठीसारखं. अशा रांगेत एकाचा हात गळला तर शेजारचा आपली ढाल थोडी सरकवतो. जळते बाण येत असताना तो वळून विचारत नाही, तुझी ढाल का खाली गेली रे?

ताईच्या गटात हेच व्हायला हवं होतं. तिच्या विश्वासाची ढाल त्या एप्रिलमध्ये जमिनीला टेकली असेल. असू दे. काही महिने आम्ही तुझ्या वाटची प्रार्थना म्हणतो, तू नुसती येऊन बस. येऊही नकोस वाटलं तर डबा आणून देतो. इतकं साधं आहे ते. आणि म्हणूनच कदाचित कुणी करत नाही, कारण मोठ्या आवाजात सैतानाला बांधण्याच्या प्रार्थनेला जी ऐट असते ती डब्याला नसते.

बाराव्या ओवीबद्दल थोडं, कारण भाद्रपद जवळ आला की मला दर वर्षी यावर मेसेज येतात. आपला झगडा माणसांशी नाही, असं पौल म्हणतो. लालबागमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी काहींना ते दहा दिवस शत्रूच्या छावणीत राहिल्यासारखे वाटतात. काही ग्रुपांवर गल्ल्यांची नावं घेऊन युद्धाच्या प्रार्थना चालतात. तुमची उपासना येशूची आहे, दुसऱ्या कुणाची नाही, यात तडजोड नाही. प्रसादाचं काय करायचं ते १ करिंथ ८ ते १० वाचून, प्रार्थना करून, आपापल्या विवेकानं ठरवा. पण शेजारच्या मावशी, ज्या तुमच्या आईला ताप आला तेव्हा रात्री तीनला टॅक्सी शोधायला धावल्या, त्या रक्तामांसाच्या आहेत. म्हणजे पौलाच्या हिशेबानं त्या शत्रूच्या यादीत येऊच शकत नाहीत. त्यांच्या दारावरून जाताना तोंडातल्या तोंडात काही पुटपुटण्यापेक्षा, मावशी, गुडघा कसा आहे असं विचारा. ज्या जोड्यांबद्दल पौल बोलतो ते शांतीच्या सुवार्तेचे आहेत, लाथा मारायचे नाहीत.

आज रात्री स्तोत्र ९१ म्हणा. जरूर म्हणा, मीही म्हणतो, मुलाला झोपवताना रोज म्हणतो. फक्त बाराव्या ओवीवर थांबू नका. तेरावीही म्हणा आणि पंधराव्या ओवीपर्यंत आवाज टिकवा. आणि तुमच्या ओळखीत गेल्या काही वर्षांत ज्यांच्या घरात असं घडलंय, आणि ज्यांना कुणीतरी असं "समजावलंय", त्यांना या आठवड्यात भेटा. सात दिवस गप्प बसायचं जमणार नाही, अर्धा तास जमेल.

प्रार्थना करू या.

हे पित्या, टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर आज रात्री फाइल उशाशी घेऊन झोपलेल्या लोकांच्या जवळ राहा. के.ई.एम.च्या वॉर्डात रात्रपाळीला असलेल्या नर्सेसच्या जवळ राहा. ज्यांनी तुला हाक मारली आणि तरी ज्यांचं माणूस गेलं, त्यांच्या कानाशी बोलणाऱ्या आरोप करणाऱ्याचं तोंड तू बंद कर, आणि आमच्या तोंडून तो बोलत असेल तर आमचंही बंद कर. आम्हाला एकमेकांची ढाल धरायला शिकव. ज्याच्या पायात खिळे होते आणि ज्याला तू उठवलंस, त्या येशूच्या नावानं मागतो. आमेन.

उद्याचं वाचन: ईयोब २:११-१३.